स्कॉटलंडमधील फ्लो कंट्रीच्या दलदलीत पायी हिंडायचे आहे: खानापूरच्या रानातील अनुभव तिथे कितपत उपयोगी पडेल?

प्रश्न: जांबोटीचा वाटसरू

नमस्कार. खानापूर तालुक्यातील एका शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झालो आहे. जांबोटी, कणकुंबी, आमगाव, चोर्ला या भागात पायी हिंडण्याची सवय लहानपणापासूनची, आणि वनखात्याची रीतसर परवानगी काढून भीमगड अभयारण्यातील तळेवाडी, गवाळीकडच्या वाटाही मी चाललो आहे. पावसाळ्यातील शेवाळलेले जांभ्याचे सडे, जळवा आणि अचानक चढणारे ओढे यांची पायाला चांगली ओळख आहे.

येत्या जून महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे ॲबर्डीनला जाणार आहोत. त्या मुक्कामात काही दिवस काढून स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेकडील फ्लो कंट्री हा पीटच्या दलदलीचा प्रदेश पायी हिंडून पाहावा, अशी माझी फार इच्छा आहे. २०२४ च्या जुलैमध्ये नवी दिल्लीत जागतिक वारसा समितीचे अधिवेशन झाले, त्यात आसाममधील अहोम राजांच्या मोइदामांबरोबर या प्रदेशाचाही यादीत समावेश झाल्याची बातमी वाचली, तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही. कोळशाचे प्रकार शिकवताना पीट हा पहिला प्रकार मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. मात्र जिथे पीट आजही तयार होत आहे अशी जमीन कधी पाहिलेली नाही.

नकाशावर पाहता हा प्रदेश सुमारे ४,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या खानापूर तालुक्याच्या दुपटीहून मोठा दिसतो, आणि त्यात गावे जवळजवळ नाहीत. अशा जमिनीवर पाय कुठे ठेवावा आणि कुठे ठेवू नये हे कसे ओळखावे? आखलेली वाट सोडून आत जाण्याची तिथे मुभा असते का? जूनमध्ये कोणते पशुपक्षी दिसण्याची शक्यता असते? माझ्या पत्नीला गुडघ्यांचा त्रास आहे, तिलाही काही पाहता येईल अशी सोय आहे का? प्रत्यक्ष गेलेल्या किंवा त्या विषयाचा अभ्यास असलेल्या मंडळींनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

उत्तर: निपाणीकर, सध्या इन्व्हरनेस

सर, नमस्कार. मी मूळचा निपाणीचा, नोकरीनिमित्त इन्व्हरनेसमध्ये राहतो आणि सुट्टी मिळेल तेव्हा फ्लो कंट्रीत जातो. आपल्या भागातील कोणी तिकडे जाऊ इच्छितो हे वाचून मनापासून आनंद झाला.

वहिनींच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. इन्व्हरनेसहून थर्सो आणि विककडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर फोर्सिनार्ड नावाचे छोटेसे स्थानक आहे. त्या स्थानकाच्या इमारतीतच आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेचे माहिती केंद्र आहे, आणि तिथून अगदी जवळ दलदलीत शिरणारी एक लहान वाट आहे. ती सपाट फरशांची आणि फळ्यांची असून काळ्या पाण्याच्या डबक्यांमधून फिरते, आणि तिच्यावर लाकडी निरीक्षण मनोरा आहे. गुडघेदुखी असलेल्या माणसालाही ही वाट सावकाश करता येते. मनोऱ्यावरून डबक्यांची जी नक्षी दिसते ती जमिनीवर उभे राहून कळतच नाही, म्हणून आपणही आधी तिथेच जावे.

आता वाट सोडून चालण्याविषयी. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने कोणालाही जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक मोकळ्या जमिनीवर पायी फिरण्याचा हक्क दिला आहे. भीमगडला आपण जशी परवानगी काढतो तशी इथे लागत नाही. मात्र हक्क आहे म्हणून चालणे सोपे आहे असे अजिबात समजू नये. आपल्याकडे लावणीच्या वेळी भाताच्या वाफ्यात पाय गुडघ्यापर्यंत रुतला तरी खाली नांगराचा कठीण तळ लागतो, आणि शेतकऱ्याचा पाय त्या तळाच्या भरवशावरच पडत असतो. इथे तो भरवसा नसतो. पीटचा थर काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत खोल आहे आणि त्यात बहुतांश पाणीच असते. डबक्यांच्या कडेला उभे राहून आपण अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकला, की पाण्यावर अंथरलेल्या घोंगडीसारखी आजूबाजूची जमीन हलते आणि चार हातांवरचे गवतही डोलते. हे एकदा अनुभवले की पाय आपोआप सावध होतो.

वेगाचा हिशेब बदलावा लागेल. जांबोटीच्या रानवाटेने आपण तासाला चार किलोमीटर सहज जात असाल, तर इथे वाटेबाहेर दोन किलोमीटर धरावेत, आणि डबक्यांच्या पट्ट्यात त्याहूनही कमी. सरळ रेषेत कुठेच जाता येत नाही. एका डबक्याला वळसा घातला की दुसरे आडवे येते, आणि दोघांमधली वरंबासारखी वाट अखेरीस पाण्यातच संपते. त्यामुळे नकाशावर चार बोटांचे दिसणारे अंतर अर्धा दिवस खाते. सर्वेक्षण खात्याचा छापील नकाशा आणि होकायंत्र जवळ असलेच पाहिजे. फोनचे नेटवर्क बऱ्याच भागात मिळत नाही, आणि धुके उतरले की बेन ग्रिअम बेग आणि बेन ग्रिअम मोर या ज्या दोन टेकड्यांवर आपण दिशा ठरवलेली असते त्याच दिसेनाशा होतात.

पायात गमबूट घालावेत की चामड्याचे बूट, यावर इथेही दोन मते आहेत. माझ्या मते आखलेल्या वाटेवर चामड्याचे बूट चांगले, आणि ओल्या भागात गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट. चिखलात गमबूट पायातून निघून येतो ही तक्रार खरी आहे, म्हणून तो घट्ट बसणारा घ्यावा आणि आत लोकरीचे जाड मोजे घालावेत. हातात लांब काठी हवीच. पुढे पाऊल टाकण्याआधी काठी दाबून पाहण्याची सवय लागली की निम्मे धोके टळतात. जूनमध्येही वारा बोचरा असतो. अंग भिजले आणि वारा सुटला तर काही मिनिटांतच हुडहुडी भरते, त्यामुळे सुती कपडे टाळून लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कपडे घ्यावेत. मिज नावाची चिलटे जूनपासून वाढू लागतात. वारा पडला की ती ढगाने येतात, म्हणून डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी खिशात ठेवावी.

उत्तर: हिडकलचा पक्षिमित्र

वरील माहिती उत्तम आहे, परंतु एका मुद्द्यावर मला स्पष्ट लिहिणे भाग आहे. जून महिन्यात वाट सोडून दलदलीत हिंडू नये, असे माझे मत आहे. कायदा मुभा देतो हे खरे, पण तोच कायदा जबाबदारीची अट घालतो, आणि जून हा तिथल्या पक्ष्यांचा अंडी उबवण्याचा आणि पिले वाढवण्याचा काळ आहे.

त्या प्रदेशात झाडे जवळजवळ नाहीत, त्यामुळे बहुतेक सगळे महत्त्वाचे पक्षी जमिनीवरच घरटी करतात. सोनेरी चिखल्या, डनलिन आणि ग्रीनशँक यांची अंडी गवताच्या बेचक्यात किंवा दगडाच्या आडोशाला असतात, आणि ती इतकी बेमालूम मिसळलेली असतात की बुटाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. आपल्याकडे माळावर टिटवीची अंडी शोधून पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. लाल गळ्याचा आणि काळ्या गळ्याचा असे दोन डायव्हर पक्षी तिथल्या लहान तळ्यांच्या अगदी काठावर घरटे करतात, कारण त्यांचे पाय शरीराच्या फार मागे असतात आणि जमिनीवर त्यांना धड चालता येत नाही. माणूस काठाला आला की पक्षी पाण्यात सरकतो, अंडी उघडी पडतात, आणि थंडीने किंवा कावळ्यांमुळे ती वाया जातात. डायव्हर, ग्रीनशँक, हेन हॅरियर आणि सोनेरी गरुड यांना घरट्याजवळ जाणूनबुजून त्रास देणे हा ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.

चालताना सोनेरी चिखल्या आपल्या अवतीभवती पळत एकाच सुरातली उदास शीळ पुन्हा पुन्हा घालू लागला, तर पिले जवळच आहेत असे समजावे आणि आलो त्याच पावली मागे फिरावे. पुढे जाऊन वळसा घालण्याचा मोह टाळावा, कारण पिले नेमकी कुठल्या बाजूला दडली आहेत हे आपल्याला ठाऊक नसते.

सरांना आणखी एक गोष्ट आवडेल. आपल्याकडे हिवाळ्यात हिडकल जलाशयाच्या काठी आणि कापणीनंतरच्या ओल्या भातशेतात वूड सँडपायपर सर्रास दिसतात, आणि जलाशयाच्या उथळ कडेने ग्रीनशँकही फिरत असतात. आपल्याकडे येणारे थवे दुसऱ्या उत्तरी प्रदेशांतून येतात, पण जात तीच आहे. ब्रिटनमध्ये वूड सँडपायपरच्या मोजक्याच जोड्या घरटी करतात आणि त्या उत्तर स्कॉटलंडमध्येच. आपण ज्या पक्ष्याला केवळ चिखलात चोच मारताना पाहतो, तोच तिथे पंख थरथरवत उंच उडत गातो, हे पाहण्याइतके भाग्य दुसरे नाही. माळरानावर हिवाळ्यात येणाऱ्या भोवत्यांची ज्यांना ओळख आहे त्यांना हेन हॅरियरही उडण्याच्या ढबीवरून लगेच ओळखता येईल. तो जमिनीपासून फार उंच जात नाही आणि पंख किंचित वर उचलून तरंगतो. आखूड कानांचे घुबड दिवसाउजेडीही शिकार करताना दिसते, आणि त्या अक्षांशावर जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असल्याने संध्याकाळचा वेळ भरपूर मिळतो.

म्हणून माझी विनंती अशी की मनोऱ्यावर किंवा वाटेच्या कडेला दुर्बीण घेऊन दोन-तीन तास एका जागी बसावे. चालून जितके दिसेल त्यापेक्षा बसून अधिक दिसते.

उत्तर: सड्यावरची फुले

मी बेळगावच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. सरांनी विचारले आहे की पाय कुठे ठेवावा हे कसे ओळखावे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी वनस्पतींकडे आहे.

पीटची दलदल मुख्यतः स्फॅग्नम नावाच्या शेवाळाने घडवलेली असते. हे शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवू शकते आणि भोवतालचे पाणी आम्लयुक्त करते. पाण्यामुळे आत हवा पोहोचत नाही, आम्लतेमुळे जंतूंचे काम मंदावते, आणि खालचे मेलेले शेवाळ कुजण्याऐवजी साचत राहते. हा साठा वर्षाला साधारण एक मिलिमीटरने वाढतो. याचा अर्थ असा की बुटाने दहा सेंटिमीटर खोल खड्डा पडला, तर शंभर वर्षांची वाढ एका पावलाखाली दबते. हिमयुग संपल्यानंतरच्या काळापासून अशा रीतीने साचलेल्या फ्लो कंट्रीच्या पीटमध्ये सुमारे ४० कोटी टन कार्बन असल्याचा अंदाज आहे, आणि तो ब्रिटनमधील सर्व जंगलांतील कार्बनच्या दुपटीहून अधिक आहे.

चालताना रंग पाहावेत. चमकदार पोपटी रंगाचा, गालिच्यासारखा एकसलग सपाट थर दिसला तर तिथे पाय टाकू नये, कारण ते शेवाळ बहुधा पाण्यावर तरंगत असते. गेरूसारखे किंवा वाइनसारखे लालसर शेवाळ ज्या उंचवट्यांवर असते तो भाग तुलनेने वर असतो, पण मऊ असतो. हीदरची खुरटी, काष्ठमय झुडपे जिथे दाट आहेत तिथे पायाला आधार मिळतो. कापसासारखे पांढरे तुरे येणारे गवत दोन प्रकारचे असते. एका दांड्यावर अनेक तुरे असतील तर जागा ओली समजावी, आणि एका दांड्यावर एकच तुरा असलेले गवत घट्ट बुंध्यांचे झुपके करते. त्या झुपक्यांवर पाय टाकून जाता येते, पण घोटा मुरगळण्याचा धोका असतो. राखाडी, लोकरीसारख्या शेवाळाचे उंचवटे कोरडे असतात, तरीही त्यांच्यावर चढू नये, कारण एकदा चेंगरले की ते सावरायला फार वर्षे लागतात.

गुडघ्यावर बसून पाहण्यासारखी एक वनस्पती मात्र चुकवू नका. ड्रोसेरा, म्हणजे आपला दवबिंदू. चोर्ला आणि कणकुंबीच्या सड्यांवर पावसाळ्यात पातळ पाण्याच्या पापुद्र्यात जे लालसर, चिकट थेंबांचे रोप आपण पाहतो, त्याच्याच कुळातील गोल पानांची जात तिथे शेवाळाच्या गादीत वाढते. पान नखाएवढे असते. त्यावरचा प्रत्येक लाल केस टोकाला एक थेंब धरून असतो, आणि चिलट चिकटले की आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्याकडे वाकतात. दोन्हीकडे कारण एकच आहे. जांभ्याच्या सड्यावरची मातीची पातळ साय आणि पावसाच्या पाण्यावर जगणारी दलदल, या दोन्ही ठिकाणी नत्र जवळजवळ मिळत नाही, म्हणून वनस्पती कीटकांतून ते मिळवतात. सीतेची आसवे ज्या युट्रिक्युलेरिया कुळातली आहेत, त्याच कुळातल्या जाती तिथल्या डबक्यांतही आहेत.

भूगोलाच्या शिक्षकांना एक प्रश्न नक्की पडेल. कणकुंबी आणि आमगावात फोर्सिनार्डच्या कितीतरी पट पाऊस पडतो, मग आपल्या सड्यावर पीट का होत नाही? कारण आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. दिवाळीनंतर सडा वाळू लागतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये दगड तापतो, आणि पावसाळ्यात वाढलेले सगळे कुजून किंवा जळून जाते. तिकडे पाऊस एकूण कमी असला तरी तो बारा महिने विभागलेला असतो आणि थंडीमुळे बाष्पीभवन अल्प असते, त्यामुळे जमीन कधीच पुरती वाळत नाही. भारतात पीट मुळीच नाही असे मात्र नाही. निलगिरीच्या उंच पठारावर सांडीनल्ला येथे पीटचे थर आहेत, आणि त्यांच्या अभ्यासातून प्राचीन काळातील पावसाचे चढउतार शोधले गेले आहेत.

उत्तर: म्हादईकाठचा

सर, परदेशी जाण्याआधी ओलसर रानात पाय जपून टाकण्याचा सराव करायचा असेल तर चोर्ला घाट उतरून सत्तरीतील बांबर गावची निरंकाराची राई पाहून यावे. ती पीटची जमीन नव्हे, गोड्या पाण्याचे दलदली देवरान आहे, आणि तिथे रानजायफळाच्या झाडांची गुडघ्यासारखी वाकलेली मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर आलेली असतात. देवाची राई असल्याने गावाचे नियम पाळावेत आणि स्थानिक माणसाला सोबत घ्यावे. मुळांवर पाय न देता चालण्याचा जो संयम तिथे लागतो, तोच आपल्याला फोर्सिनार्डला उपयोगी पडेल असे वाटते.

प्रश्नकर्ता: जांबोटीचा वाटसरू

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. पक्षिमित्रांचे म्हणणे मला पूर्ण पटले आहे. जूनमध्ये मी डबक्यांच्या पट्ट्यात वाट सोडून जाणार नाही, आणि दुर्बीण घेऊन बसण्यासाठी अधिक वेळ ठेवीन.

तरीही दोन शंका राहतात. एक म्हणजे, आखलेल्या वाटेच्या कडेलाही चुकून पाय रुतला तर काय करावे? दुसरी शंका गोचिडांची. सत्तरी आणि दोडामार्ग भागात माकडतापाने माणसे दगावल्यापासून आमच्या घरी गोचिडांची धास्ती आहे, आणि स्कॉटलंडच्या रानातही त्या असतात असे मुलगी सांगते. हाही तसाच आजार असतो का?

निपाणीकरांना आणखी एक विचारतो. त्या भागात एकेकाळी मोठ्या प्रमाणावर झाडे लावली आणि आता ती तोडत आहेत, असे वाचले. झाडे तोडून निसर्ग वाचवणे ही गोष्ट आमच्या पिढीला चटकन पचत नाही. ती प्रत्यक्ष पाहता येते का?

उत्तर: तालुक्यातला डॉक्टर

दोन्ही आजार गोचिडांमुळे होतात, पण ते वेगळे आहेत. माकडताप हा विषाणूचा आजार आहे; तो १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला, आणि आपल्याकडे त्याचा धोका मुख्यतः हिवाळा ते उन्हाळा या कोरड्या महिन्यांत असतो. स्कॉटलंडमध्ये ज्याची काळजी घ्यायची तो लाइम आजार जिवाणूमुळे होतो, वेळीच ओळखल्यास प्रतिजैविकांनी बरा होतो, आणि तिथल्या गोचिडा वसंतापासून शरद ऋतूपर्यंत सक्रिय असतात. त्यामुळे जूनमध्ये दक्षता हवी.

फिकट रंगाची लांब पँट घालून ती मोज्यांत खोचावी. रोज संध्याकाळी गुडघ्याची मागची बाजू, जांघा, काखा, कंबरपट्ट्याची जागा आणि केसांची मुळे नीट तपासावीत. लहान अवस्थेतील गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, म्हणून चष्मा लावून पाहावे. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेला अगदी लागून पकडून सरळ वर ओढावी. तेल, रॉकेल किंवा पेटती काडी लावू नये. त्याने गोचीड सुटण्याऐवजी तिच्या पोटातील द्रव जखमेत जाण्याचा धोका वाढतो. चावलेल्या ठिकाणी पुढील काही आठवड्यांत लाल वर्तुळ पसरत गेले किंवा ताप आला, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे. तोपर्यंत आपण बेळगावला परतला असाल तर हे सांगणे अधिकच आवश्यक आहे, कारण आपल्याकडे लाइमचा विचार डॉक्टरांच्या मनात सहसा आधी येत नाही.

उत्तर: निपाणीकर, सध्या इन्व्हरनेस

पक्षिमित्रांनी जूनबद्दल लिहिले ते योग्यच आहे. वाटेबाहेर चालण्याविषयी मी जे लिहिले ते ऑगस्टनंतर जाणाऱ्यांनी वापरावे.

पाय रुतल्यास घाईने उपसू नये. एक पाय ओढायला गेले की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तोही खाली जातो. आधी पाठीवरची पिशवी काढून कोरड्या बाजूला टाकावी, काठी आडवी ठेवावी, मागे रेलून अंगाचा भार पसरावा, आणि पाय थोडा थोडा हलवत पाणी आत शिरू देत सावकाश बाहेर काढावा. गमबूट आतच राहिला तर राहू द्यावा, पाय आधी मोकळा करावा. मदत लागल्यास ९९९ किंवा ११२ वर फोन करून पोलीस आणि पर्वतीय बचाव पथक मागावे. नेटवर्क क्षीण असल्यास लघुसंदेशानेही मदत मागता येते, पण त्यासाठी तिथल्या सिमवरून आधी नोंदणी करावी लागते. मुलीकडून ती करून घ्यावी.

झाडांविषयी आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. १९८० च्या दशकात करसवलतीचा लाभ घेण्यासाठी बाहेरच्या धनिकांनी या दलदलीत खोल चर नांगरून सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन ही परदेशी झाडे लावली. चरांतून पाणी निघून गेले, पीट सुकू लागले, आणि सुकलेल्या पीटमधील कार्बन हवेत जाऊ लागला. झाडांच्या कडेला कोल्हे आणि कावळे यांना आसरा मिळाला, त्यामुळे वनाच्या आतलेच नव्हे तर वनाभोवतीच्या मोठ्या पट्ट्यातले चिखल्या आणि डनलिनही हटले. १९८८ च्या अर्थसंकल्पात ती करसवलत बंद झाली. १९९५ मध्ये आरएसपीबीने फोर्सिनार्डची जमीन घेतली, आणि तेव्हापासून झाडे काढणे, चर पीटच्याच बांधांनी अडवणे आणि पाण्याची पातळी पुन्हा वर आणणे हे काम सुरू आहे.

हे सारे प्रत्यक्ष पाहता येते. फोर्सिनार्डच्या उत्तरेला काही किलोमीटरवर फोर्सिनेन नावाची आखलेली वाट आहे. ती सहा-साडेसहा किलोमीटरची असून कुरणातून, नदीकाठाने आणि झाडे काढलेल्या भागाजवळून जाते. तिथे जुन्या नांगराच्या सऱ्या अजूनही एकाआड एक दिसतात. अडवलेल्या चरांत उभ्या पाण्यावर स्फॅग्नमचे पहिले हिरवे ठिपके धरलेले असतात, आणि शेजारच्या सरीच्या माथ्यावर मात्र जुन्या बुंध्याभोवती सुकलेले, भुसभुशीत, तपकिरी पीट असते. मॅडमनी सांगितलेला फरक त्या दोन हातांच्या अंतरात समजतो. आपण भूगोलाचे शिक्षक आहात, त्यामुळे माझ्या मते मनोऱ्याहून अधिक वेळ आपण याच जागी घालवाल.

उघड्यावर चूल किंवा शेकोटी मात्र कुठेही पेटवू नये. पीट पृष्ठभागाखाली धुमसत राहते, आणि २०१९ च्या मे महिन्यात याच प्रदेशात मोठा वणवा लागून दलदलीचा विस्तीर्ण भाग जळाला होता. गरम चहा थर्मासमधून न्यावा. ओढ्याचे पाणी पीटमुळे चहाच्या रंगाचे दिसते. ते उकळल्याशिवाय किंवा गाळल्याशिवाय पिऊ नये.

मुक्कामासाठी रेल्वेमार्गावरचे हेल्म्सडेल हे समुद्रकाठचे गाव सोयीचे आहे, आणि थर्सोलाही राहण्याच्या सोयी आहेत. पहिल्या दिवशी वहिनींसह मनोऱ्याची वाट करावी, दुसऱ्या दिवशी आपण आणि मुलीने फोर्सिनेन करावे, आणि तिसरा दिवस पावसासाठी हातचा ठेवावा. फोर्सिनार्ड स्थानकापासून फोर्सिनेनच्या वाटेपर्यंत गाडी लागेल. तो रस्ता एकपदरी असून समोरून वाहन आल्यास थांबण्यासाठी ठिकठिकाणी जागा सोडलेल्या आहेत, तिथे गाडी उभी करून पक्षी पाहू नयेत. या मार्गावर दिवसातून मोजक्याच रेल्वेगाड्या धावतात आणि रविवारी त्याहून कमी, त्यामुळे सोमवार ते शनिवारमधील दिवस निवडून परतीच्या गाडीची वेळ आधी पक्की करावी, आणि त्याच वेळेवरून मनोऱ्यावर किती बसायचे ते ठरवावे.